कामगार मंत्र्यांना खुलं पत्र: पगाराच्या आकड्यापुढे वयही लिहा

मा. कामगार मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

तुम्ही कुठल्या पक्षाचे, तुमच्या आधी कोण होतं, या भानगडीत मी पडत नाही, कारण हे पत्र त्या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याच्यासाठी आहे. विषय एकच. कुठल्या कामाला किती पगार मिळतो याचे जे आकडे सांगितले जातात, मग त्यातलाच एखादा उचलून भाषणात "हे शिका, एवढे कमवाल" असं पोरांना ऐकवलं जातं, त्या आकड्यापुढे वय लिहिलेलं नसतं. इंजिनियरला एवढे, शिक्षकाला एवढे, नर्सला एवढे, संपला विषय. अहो पण नोकरीच्या कितव्या वर्षी एवढे?

मी पगारपत्रकं बनवतो. म्हणजे सगळ्यांचे पगार माहीत असून तोंड मिटून बसायचं काम. त्यामुळे लोक एकमेकांशी तुलना करताना कुठे घसरतात ते रोज दिसतं, नव्याने लागलेला पोरगा पंधरा वर्षं घासलेल्या माणसाचा पगार बघून चिडतो आणि तो जुना माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या नव्या पोराचं पॅकेज ऐकून चिडतो, आणि खरं सांगायचं तर दोघंही चुकीच्या आकड्याशी स्वतःला ताडून बघत असतात. घरगुती पातळीवर हे चालतं हो. पण सरकारी तक्ता हेच करायला लागला की त्यावर लोक पोरांची आयुष्यं ठरवतात.

साधा हिशोब करून दाखवतो, चलन कुठलंही घ्या. एका लाइनमध्ये सुरुवात 100 ने होते आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, दुसऱ्या लाइनमध्ये सुरुवात फक्त 70 ने पण दरवर्षी 6 टक्के वाढ. पहिल्या दिवशी दुसरी लाइन निवडणारा वेडा वाटेल. पण 14 व्या वर्षी त्याचा वार्षिक पगार पहिल्याच्या पुढे जातो. आणि मंत्री महोदय, इथेच थांबू नका, कारण तोपर्यंत पहिल्याने जास्तीचे पैसे खिशात घातलेले आहेत, ते सगळे भरून निघून एकूण कमाईत दुसरा पुढे जायला 23 वं वर्ष उजाडतं. दोघं 22 व्या वर्षी कामाला लागले असं धरा, म्हणजे पगारात बरोबरी पस्तिशीत आणि एकूण कमाईत चव्वेचाळिशीत. आता सांगा, यातली "जास्त पगाराची" लाइन कुठली? तिशीत विचाराल तर एक उत्तर, पन्नाशीत विचाराल तर दुसरं. आणि तुमचा तक्ता दोघांची सरासरी काढून मोकळा. शर्यत चालू असताना मधेच एक फोटो काढायचा आणि त्यावरून निकाल लावायचा, तसलं आहे हे.

शिवाय प्रत्येक क्षेत्रातल्या माणसांची वयं सारखी नसतात हे तर कोणी लक्षातच घेत नाही. नवीन क्षेत्र असेल तर तिथे सगळी तरुण पोरं, जुनं क्षेत्र असेल तर पिकलेल्या केसांची गर्दी. त्या दोन क्षेत्रांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की आपण पगाराची तुलना केली असं वाटतं, पण बरीचशी तुलना वयांचीच झालेली असते.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1974 मध्येच मांडलंय की शिक्षण आणि कामाचा अनुभव धरला तर कमाई सुरुवातीला भराभर चढते, मग चढ कमी कमी होत जातो आणि शेवटी शेवटी सपाट होते. आता हा चढ सगळीकडे सारखा नसतो, खरी गंमत त्यातच आहे. अमेरिकेत डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्ये दाखवलं की कॉम्प्युटर, इंजिनियरिंगसारखे विषय शिकलेल्यांना सुरुवातीला जो जादा भाव मिळतो तो पुढच्या काही वर्षांत झपाट्याने कमी होत जातो, कारण त्या कामात लागणारी कौशल्यंच पटापट बदलतात आणि शाळा-कॉलेजात शिकलेलं जुनं होतं. म्हणजे ज्या लाइनचं पहिलं पॅकेज पेपरात छापून येतं तीच लाइन नंतर थंडावते, आणि ते कोणी छापत नाही. याचा अर्थ ती वाईट असं मी म्हणत नाहीये, पैसे तिथे चांगलेच आहेत. फक्त पहिल्या पगाराला आयुष्यभराचा पगार समजू नका एवढंच.

उलटी बाजू पण आहे. काही ठिकाणी तरुणपणी मुद्दाम कमी देतात आणि म्हातारपणी जास्त, म्हणजे माणूस टिकून राहावा, कामचुकारपणा करू नये म्हणून. एडवर्ड लेझियर या अर्थतज्ज्ञांनी 1979 मध्ये हीच गोष्ट धरून सक्तीची निवृत्ती का असते ते समजावलं होतं, की कधीतरी हिशोब थांबवावाच लागतो ना, नाहीतर मालक कायम जास्तच देत राहील. आता जो पोरगा तीन-तीन वर्षांनी नोकरी बदलणार त्याला अशा ठिकाणचा म्हातारपणीचा गलेलठ्ठ पगार दाखवून काय उपयोग? तो तिथपर्यंत पोचणारच नाहीये. माझ्या ओळखीतले कितीतरी जण "सिनियर झाल्यावर बघ" या एका वाक्यावर तरुणपण काढून बसलेत, आणि सिनियर व्हायच्या आत धोरणच बदललं.

यातूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार निघते. समजा उद्या तुम्ही तक्त्यात वयाचा रकाना टाकलात, 25 ते 29 ला एवढे, 50 ते 54 ला एवढे. छान. पण आजचा पन्नाशीचा माणूस म्हणजे आजच्या पंचविशीच्या पोराचं भविष्य नव्हे. तो वेगळ्या काळात कामाला लागला, वेगळ्या अटींवर, वेगळ्या पेन्शनवर. नुसतं कुठल्या वर्षी पदवी हातात पडली त्याने सुद्धा फरक पडतो. कॅनडातल्या पदवीधरांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण 9 टक्क्यांनी कमी निघाली आणि तो खड्डा पूर्ण भरायला दहा वर्षं गेली. तीच डिग्री, तेवढेच मार्क, फक्त जन्म चुकीच्या साली. म्हणून एका दिवशी वेगवेगळ्या वयाची माणसं मोजून भागत नाही, त्याच माणसांच्या मागे वर्षानुवर्षं जावं लागतं. इंग्लंडमध्ये शाळा-कॉलेजच्या नोंदी टॅक्सच्या नोंदींना जोडून हे करतात, कुठला कोर्स केलेला माणूस पदवीनंतर पाच वर्षांनी किती कमावतोय ते त्यातून कळतं. टॅक्स खात्याकडे टॅक्सच्या नोंदी आहेत, शिक्षण खात्याकडे परीक्षेच्या नोंदी आहेत, दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचं तेवढं बाकी आहे. (तेच सगळ्यात अवघड, माहितीये मला.)

सरासरीचं तर काय सांगावं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत तासाची सरासरी मजुरी एकदम उसळली. लोकांना पगारवाढ मिळाली होती का? छे. करोनामुळे हॉटेलं, दुकानं बंद पडली, कमी पगाराचे लाखो लोक घरी बसले, त्यामुळे जे उरले त्यांची सरासरी वर गेली. इतकी मोठी आपत्ती आणि आकडा हसरा. मग पगाराच्या क्रमाने उभं केलेल्या रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचा पगार सांगा ना, म्हणजे मध्यक, आणि त्याच्या जोडीला खालच्या चौथाईचा आणि वरच्या चौथाईचा, म्हणजे त्याच रांगेत तळापासून पाव आणि पाऊण अंतरावर उभ्या असलेल्यांचा. अमेरिकेचं कामगार आकडेवारी खातं आठशेच्या वर व्यवसायांसाठी तळापासून वरपर्यंत असे पाच टप्पे देतं, पण गंमत बघा, त्या तक्त्यात वय नाही. ब्रिटनमध्ये दर एप्रिलचे पगार आणि तास मोजतात, त्यात वयोगट आणि व्यवसाय एकत्र असलेला तक्ता मिळतो, म्हणजे करता येतं. पण या दोन्ही पाहण्यांत स्वतःचा धंदा करणारे नाहीतच.

असे धंदे किती बेभरवशाचे असतात ते अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवलंय. पोराला चांभाराकडे कामाला ठेवलं तर तो जोडे करायला शिकेलच, पण वकिलीला घातलं तर वीसातला एखादाच त्यावर पोट भरण्याइतका तयार होतो. आपण मात्र त्या एकाचीच फी बघतो. अभिनय, खेळ, वकिली, स्वतःचा स्टुडिओ, यात जे मधेच सोडून गेले ते पुढच्या वर्षीच्या तक्त्यात नसतातच, ते दुसऱ्याच कुठल्या तरी रकान्यात बसलेले असतात, आणि मग टिकलेल्यांचा आकडा बघून बाकीचे उड्या मारतात. गवंड्याचं पण त्यानेच लिहिलंय, की थंडीत आणि वाईट हवेत त्याचं काम बंद पडतं म्हणून कामाच्या दिवसाची मजुरी जास्त असायला लागते, रिकाम्या दिवसांचं पोट पण त्यातच भरायचं असतं. अडीचशे वर्षं झाली याला आणि आपण अजून रोजाला तीसने गुणून महिन्याचा पगार काढतोय.

तासांचा मुद्दा पण इथेच येतो. दोघांचा महिन्याचा पगार सेम, एक संध्याकाळी वेळेत घरी जातो आणि दुसरा रात्री फोनवर, तर तो सेम पगार नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं काम वाचलं तर कळतं की आजच्या घडीला बाई आणि पुरुष यांच्या पगारातला मोठा फरक वेगवेगळ्या व्यवसायांमुळे पडत नाही, एकाच व्यवसायात असून पडतो, आणि तो वाढतो पहिल्या मुलानंतर, जिथे लांबलचक आणि केव्हाही हजर राहायच्या तासांना जास्त भाव मिळतो तिथे तर जास्तच. सुरुवातीला दोघांचे पगार जवळपास सारखे. म्हणजे तुम्ही 25 व्या वर्षीचा आकडा दाखवलात तर समानता आहे म्हणाल आणि 40 व्या वर्षीचा दाखवलात तर तोंड लपवाल. वय काढून टाकलं की नेमकं हेच झाकलं जातं, आणि मला तर कधी कधी शंका येते की म्हणूनच काढून टाकतात की काय.

बरं, उघड करा म्हणजे प्रत्येकाचा पगार चव्हाट्यावर मांडा असं मी म्हणत नाहीये. नॉर्वेत लोकांची कर यादी बघता येते, पण 2014 पासून कोण बघतंय हे त्या माणसाला कळायला लागलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची उत्सुकता लगेच आटली. आपल्याला नावं नकोच आहेत. व्यवसाय, वयोगट, तास, मध्यक, खालची आणि वरची चौथाई, किती जण लाइन सोडून गेले, एवढं द्या, आणि जिथे माणसं इतकी कमी असतील की कोण ते ओळखू येईल तो चौकोन रिकामा ठेवा. युरोपियन युनियनने 2023 मध्ये नियम केला की उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही आणि नवीन जागेचा पगार किती ते त्याला आधी सांगायचं. हा नियम पण बघा जमतो का, कारण मंदीत कमी पगारावर लागलेल्या पोराचा तो आकडा प्रत्येक इंटरव्ह्यूत त्याच्या मागे येतो, "सध्या किती मिळतात?" विचारलं की संपलं, त्यावर दहा-पंधरा टक्के वाढवून गप्प करतात. हे मी टेबलाच्या या बाजूला बसून बघितलंय.

तुमच्या खात्यात हे सगळं कळणारी माणसं आहेत याची मला खात्री आहे, त्यांना फक्त वरून कोणीतरी "करा" म्हणायला हवंय.

आपला,
एक पगारपत्रकवाला

ता. क.: तक्ता काढलात तर कृपा करून स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ टाकू नका, एक्सेलमध्ये द्या. आणि व्यवसायांची नावं दरवर्षी बदलू नका, नाहीतर मागच्या वर्षीशी जुळवताच येत नाही.