आपली काउंटी मिडलसेक्स

प्रिय चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विलाचं नाव काढलं आणि तू विषय बदललास, म्हणून लिहूनच काढते. बाबा म्हणतात, दिवाळीच्या तोंडावर अभद्र बोलू नये. मी म्हटलं, मग दिवाळी होऊ दे. ती झाली.

आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'प्रिन्स्टन' असतं. प्रिन्स्टन मर्सर काउंटीत, म्हणजे वेळ आल्यावर तू सरळ ट्रेंटनला मर्सरच्या ऑफिसात फोन लावशील. तिथे आपलं काही काम नाही. प्रिन्स्टन हा नुसता पोस्टाचा पत्ता. घर प्लेन्सबरो टाउनशिपमधलं आणि प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत. गेलेला माणूस ज्या काउंटीत कायम राहत होता, तिथल्या ऑफिसातच विल मान्य करून घ्यायचं काम, म्हणजे प्रोबेट, होतं. तो कुठल्या हॉस्पिटलात गेला, वकील कुठला, मुलगा कुठे राहतो, हे कोणी बघत नाही. शंका आली तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढ, टाउनशिप आणि काउंटी दोन्ही त्यावर असतात.

न्यू जर्सीत या ऑफिसाला सरोगेट कोर्ट म्हणतात. काउंट्या 21, आणि प्रत्येकीत निवडून आलेला एक सरोगेट. आपलं ऑफिस न्यू ब्रन्सविकला. तुमच्या टेक्सासात असले अर्ज काउंटी क्लार्ककडे जातात, नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात 'रजिस्टर ऑफ विल्स'कडे. त्यामुळे नेटवर नुसतं 'प्रोबेट कोर्ट' शोधलंस तर भलत्याच राज्याची माहिती हाती येईल, आणि सगळ्यात वर पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांच्या जाहिराती. काउंटीच्या स्वतःच्या साइटवर जा आणि नंबर तिथूनच घे.

लगेच धावायचं कारण नाही. मृत्यूनंतर दहा दिवस पुरे झाल्याशिवाय इथे विल प्रोबेट होत नाही. दहावं-बारावं होईतो तेवढे दिवस जातातच. फोन मात्र आधी कर. अपॉइंटमेंट लागते का, फी कशी भरायची, आणि तू ऑस्टिनला असल्यामुळे सह्या टपालाने चालतील का, एवढं विचार. मूळ विल, मृत्यूचा प्रमाणित दाखला, तुझं ओळखपत्र आणि जवळच्या वारसांची नावं-पत्ते हाताशी ठेव. विलाची फोटोकॉपी चालत नाही. आमच्या विलाला साक्षीदारांचं शपथपत्र जोडलेलं आहे, त्यामुळे त्यांना शोधत फिरावं लागणार नाही. एक्झिक्युटर, म्हणजे विल अमलात आणणारा, म्हणून तुला अधिकाराची जी प्रमाणपत्रं देतात त्यांच्या प्रती जास्तच माग, प्रत्येक बँक आपली वेगळी मागते. मग साठ दिवसांच्या आत मुग्धाला रीतसर नोटीस पाठवायची. सख्खी बहीण असली तरी पाठवायची.

ऑफिसातली माणसं कागद कुठले ते सांगतात, कायद्याचा सल्ला देत नाहीत. कोणी हरकत नोंदवली तर प्रकरण सरोगेटच्या हातातून सुटतं आणि सुपिरियर कोर्टात जातं. तुम्हा दोघांत तसं होणार नाही, असं मी धरून चालते.

पुण्याच्या फ्लॅटबद्दल न्यू ब्रन्सविकला विचारू नकोस. त्याचं मृत्युपत्र वेगळं केलंय आणि पुण्यातच नोंदवलंय. त्यासाठी कोर्टात जायची वेळ आलीच तर ते शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. इथल्या विलात वकिलाकडून मुद्दाम लिहून घेतलं की ते भारतातल्या मालमत्तेला लागू नाही. नाहीतर 'आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे ठरावीक वाक्य पुण्याचा कागदही रद्द करून बसलं असतं. वकिलाच्या ते लक्षात नव्हतं, बाबांच्या आलं.

मूळ विल बँकेच्या लॉकरमध्ये नाही. लॉकर उघडायलाच बँक ते अधिकाराचं प्रमाणपत्र मागू शकते आणि त्या प्रमाणपत्राला मूळ विल लागतं. विल घरातल्या फायरप्रूफ पेटीत आहे, किल्ली कुठे ते फोनवर सांगेन. थँक्सगिव्हिंगला आलास की एकदा पेटी उघडून बघून घे. मुग्धालाही हेच पत्र पाठवतेय.

तुझी,
आई