वंशावळीचे जुने कागद पुन्हा वाचताना

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली वंशावळ पाहिली. ती पणजोबांच्या पिढीपाशी अडली आहे आणि पुढचे नवे कागद कुठे मिळतील, असे तू विचारले आहेस. नव्या कागदांच्या मागे लागण्याआधी तू पाहून बाजूला ठेवलेले कागदच पुन्हा काढावेस, असे मला वाटते. पहिल्या वाचनात आपण एक नाव शोधत असतो. ते सापडले आणि तारीख टिपून झाली की कागद मिटतो. पुढे दुसरीकडून चार नातलगांची नावे कळतात, आणि तोवर परकी वाटलेली त्याच कागदावरची माणसे ओळखीची निघतात.

पणजीच्या मृत्यूची नोंदच घे. नाव, वय, दिनांक आणि कारण तू उतरवून घेतले आहेस. खबर देणाऱ्याचा रकाना मात्र तुझ्या टिपणात नाही. मूळ नोंदीच्या छायाप्रतीत त्या रकान्यात एक नाव असून त्यापुढे ‘जावई’ असे लिहिलेले आहे, आणि तुझ्या वंशावळीत पणजीला मुलगी एकही नाही. जावई पुतणीचा किंवा भाचीचा नवराही असू शकतो, म्हणून लगेच मुलगी लिहून मोकळा होऊ नकोस. पण त्या नावाचा माग काढल्याशिवाय ही शाखा पूर्ण झाली असेही धरू नकोस. खबर देणारा कोण होता यावरच नोंदीतली कोणती गोष्ट किती भक्कम हेही ठरते: मृत्यूचा दिवस त्याने स्वतः पाहिलेला असतो, पण मृताचे जन्मसाल आणि आईवडिलांची नावे तो बहुधा ऐकीव माहितीवरून सांगतो. अमेरिकेच्या 1940 च्या जनगणनेत घरातील ज्या व्यक्तीने माहिती दिली तिच्या नावापुढे वर्तुळातली फुली मारण्याची पद्धत होती. एवढीशी ती खूण, पण तिच्यावरून सगळ्या ओळींचे वजन बदलते.

वयांच्या बाबतीत तर नोंद कोणत्या नियमाने केली गेली ते आधी पाहावे. इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत 15 वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या खालच्या पटीत लिहिण्याची सूचना होती, त्यामुळे 39 वर्षांचा माणूस तिथे 35 चा दिसतो. असा कुठलाही नियम नसलेल्या जुन्या नोंदींतही 40, 50, 60 हीच वये फार भेटतात, कारण माणसे अंदाजाने सांगत आणि कारकून तसेच लिहून घेत. दोन कागदांतले वय जुळत नाही म्हणून तू एका माणसाची दोन माणसे केली आहेस, तिथे हे एकदा ताडून पाहा.

शकातल्या तारखांनाही सरसकट 78 मिळवून चालत नाही. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शक 1820 चा वैशाख 1898 सालचा असला, तरी त्याच शकातला माघ 1899 सालचा होतो. थोरल्या काकांचा जन्म त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाआधीचा दाखवणारी तुझी ओळ बहुधा याच हिशेबामुळे आली आहे.

उतारे आणि सूची यांवर फार विसंबू नकोस. नक्कल करणारा त्याला महत्त्वाचे वाटते तेवढेच घेतो; समासातली दुरुस्ती, साक्षीदारांच्या सह्या आणि त्याच पानावरच्या शेजारच्या नोंदी त्यात गळतात. मला स्वतःला साक्षीदारांचा भाग सर्वांत कामाचा वाटतो, कारण दस्तावर सही करायला माणसे बहुधा आपल्याच जवळच्या कुणाला बोलावतात. तेव्हा तुझ्याकडच्या सगळ्या दस्तांतील साक्षीदारांची एक वेगळी यादी कर, प्रत्येक नावापुढे दस्ताचे साल लिही, आणि दोनदा आलेली नावे मला आधी कळव. त्यांत जावयाचे नाव आहे का, तेही पाहा.

तुझे,
बाबा