बंदूक कोणाची काढून घ्यायची?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर इथल्या, अमेरिकेतल्या गोळीबारांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळ्यांच्या बंदुका जमा करा, विषय संपला." मागून आईचं "त्यापेक्षा तू परत ये" चालूच होतं. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय. त्यातून तुमची सगळी नोकरी कलेक्टर कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या फायली हाताळण्यात गेली, तेव्हा तुमच्याशी वाद घालायचा तर कागदावरच घातलेला बरा.

आबाकाकांची ठासणीची बंदूक आठवा. रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. काका कुरकुरायचे, पण जमा करायचे. आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी, म्हणून हे चालतं. इथे तो राज्यघटनेतला हक्क आहे. 2008 साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. मात्र गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांना असलेली मनाई, शाळा आणि सरकारी इमारतींतली बंदी, या जुन्या नियमांना आपण हात लावत नाही, असंही त्याच निकालात लिहिलंय. वाद घालणारे दोन्हीकडचे लोक आपल्या सोयीचं तेवढंच वाचतात. तेव्हा सरसकट जप्ती इथे होणार नाही. उरतो प्रश्न तो कोणाची, कधी आणि कोणाच्या हुकमाने, एवढाच.

मी राहते त्या याच व्हर्जिनिया राज्यात, ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, 16 एप्रिल 2007 रोजी एका विद्यार्थ्याने 32 जणांना मारलं. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापकही. तेव्हा तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, पण त्याच्या आधीचं कोणी दाखवलं नसेल. डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधिकाऱ्याने या मुलाला स्वतःच्या जिवाला धोकादायक ठरवून, घरी राहून उपचार घ्यायचा आदेश दिला होता. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्याला त्यानंतर बंदूक विकत घेता यायला नको होती. पण बंदूक विकायला मनाई असलेल्यांची जी केंद्राची यादी, तिच्यात राज्य नावं कळवायचं ती फक्त रुग्णालयात भरती करायचा आदेश झालेल्यांची. याचं नाव गेलंच नाही. दोन्ही पिस्तुलं त्याने विकत घेतली ती रीतसर तपासणी होऊनच. या टेबलावरचा कागद त्या टेबलावर गेला नाही की काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

दोन आठवड्यांत गव्हर्नर टिम केन यांनी ती फट बुजवली. जानेवारी 2008 मध्ये केंद्राचाही कायदा झाला आणि बंदूकवाल्यांच्या एनआरए या बलाढ्य संघटनेने त्याला पाठिंबा दिला. का दिला? कारण यादीत नाव चढवण्याची सोय करताना, बरा झालेल्या माणसाला ते उतरवून घेण्याची वाटही त्यात ठेवली होती. परवाना रद्द झालेल्याला आपल्या कायद्यात अपील आहे, तसंच. तुम्हीच म्हणायचात ना, अपील ठेवलं नाही तर माणूस कचेरीच्या दारातच यायचा नाही?

व्हर्जिनिया टेकच्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या समितीला आणखी एक गोष्ट दिसली. त्या मुलाच्या वागण्याबद्दल प्राध्यापकांना थोडं ठाऊक होतं, वसतिगृहात थोडं, पोलिसांना थोडं. पण विद्यार्थ्यांच्या खासगीपणाच्या कायद्याचा बागुलबुवा करून कोणी कोणाला सांगितलं नाही. वास्तविक जिवाला धोका असेल तर सांगायला तो कायदा मोकळीक देतो. म्हणून 2008 पासून इथल्या प्रत्येक सरकारी विद्यापीठात धोक्याचा अंदाज घेणारी समिती असणं बंधनकारक झालं. पोलीस, समुपदेशक, विद्यार्थी कल्याण विभाग असे सगळे एका टेबलाशी बसतात. यंदा आमच्या विद्यापीठात त्या टेबलाशी मलाही बसवलंय. तिथलं काही तुम्हालाही सांगायची मुभा नाही, तेव्हा आई, विचारू नकोस. एवढंच सांगते, आलेली बरीच मुलं धोकादायक नसतात, खचलेली असतात.

माझं भांडण असतं ते "विचित्र वाटतो" या शेऱ्याशी. अबोल असणं, भेसूर कथा लिहिणं, काळे कपडे घालणं हा काही गुन्हा नाही. परदेशातून आलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलावर तर हा शेरा फार पटकन बसतो. त्याने कोणाला काय बोलून दाखवलं, हत्यार कुठून आणणार, काही ठरवलंय का, हे विचारा म्हणते मी. 1966 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळ्या झाडणाऱ्याने चार महिने आधी विद्यापीठाच्याच मनोविकारतज्ज्ञाला सांगितलं होतं, मनोऱ्यावर जाऊन लोकांना टिपावंसं वाटतं म्हणून.

आणि खरंच धोका दिसला तर? जुलै 2020 पासून व्हर्जिनियात पोलीस किंवा सरकारी वकील स्वतः चौकशी करून न्यायाधीशाकडे जाऊ शकतात. आधी जास्तीत जास्त 14 दिवसांसाठी बंदुका काढून घेतात, मग रीतसर सुनावणी, आणि पुराव्याने सिद्ध झालं तर 180 दिवसांपर्यंत. मुदत वाढवायची तर पुन्हा न्यायालयात जायचं. निवडणुकीतल्या जमा करण्यासारखंच, पण सरसकट नाही, एका माणसापुरतं.

आमच्या ऑफिसातला एकजण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जातो, कट्टर बंदूकवाला. मला वाटलं, हा या कायद्यावर तुटून पडेल. तो म्हणाला, मित्राचा घटस्फोट चालू होता तेव्हा त्याच्या रायफली मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. इथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या करणारे असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मित्राचा हक्क कायमचा जाणार असता, तर त्याने तोंड उघडलं असतं का? वसतिगृहातल्या रूममेटचंही तसंच. आपण बोललो की मित्र कॉलेजातून जाणार, जन्मभराचा डाग लागणार, अशी भीती असेल तर ती मुलं गप्प बसतात. म्हणून सुनावणी, वकील, मुदत, हे मला अडथळे वाटत नाहीत. त्यांच्याच भरवशावर कोणीतरी वेळेत येऊन सांगतं.

हे सगळं असूनही चुकतं. नोव्हेंबर 2022 मध्ये शार्लट्सव्हिलला, व्हर्जिनिया विद्यापीठात, फुटबॉल संघातले तीन विद्यार्थी मारले गेले. मारणाऱ्याकडे बंदूक असल्याचं विद्यापीठाच्या कानावर आधीच आलं होतं, तिथल्या समितीला तो माहीत होता, तो सहकार्य करत नव्हता. प्रकरण कागदावर पुढे सरकत राहिलं. आमच्या बैठकीत शार्लट्सव्हिलचं नाव निघालं की कोणी घाईने उठत नाही.

आई, परत यायचं म्हणशील तर आत्ता नाही. घाबरत नाही असं मात्र नाही.

आणि चिन्मय इकडे शिकायला यायचं म्हणतोय, तर त्याला सांगा, फी आणि रँकिंगबरोबर हेही बघ. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला 2016 पासून कपड्यांआड पिस्तूल बाळगून वर्गात बसता येतं. इथे विद्यापीठं आपल्या नियमाने इमारतींत बंदी घालतात. येताच विद्यापीठाच्या धोक्याच्या सूचनांसाठी मोबाइल नंबर नोंदव म्हणावं, आणि कोणी मित्र काही भलतं बोलला तर कोणाला कळवायचं, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. बाकी त्याचे अर्ज माझ्याकडे पाठवा, मी वाचते.

तुमची,
सुमा