नवा फ्रीज घेण्याआधी

नाशिक,
२० एप्रिल

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

काकूंचा फ्रीज बदलायला तू पैसे पाठवणार आहेस, असं काका म्हणाले. जरा थांब. रविवारी पंचवटीला जाऊन मी तो नीट पाहून आलो. फ्रीज धडधाकट आहे, त्याला कोंडून ठेवलंय एवढंच.

अरे, फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. काकूंच्या फ्रीजमध्ये ती बाहेर पडते मागच्या काळ्या जाळीतून. आणि तो उभा कुठे? ओट्याशेजारच्या कोनाड्यात, भिंतीला चिकटून, डोक्यावर डब्यांची रास, बाजूला गॅसची शेगडी. सध्या नाशिकचा पारा चाळिशीकडे चाललाय, त्यात कोनाड्यातली हवा आणखी तापलेली. जाळीभोवती जितकं गरम, तितका वेळ कॉम्प्रेसर चालत राहतो. आम्ही प्लग काढून फ्रीज पुढे ओढला, जाळीवरची तेलकट धूळ मऊ ब्रशने झाडली, मागे चार बोटं जागा सोडली, डबे फळीवर हलवले. संध्याकाळी कॉम्प्रेसर मधेमधे थांबायला लागला. काकू म्हणाल्या, तो बंद झालेला कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

दाराचं रबरही तपासलं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढून पाहायची. सगळीकडे अडली, खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. कोमट साबणपाण्याने रबर पुसून घेतलंय. तरी तो कोपरा बसला नाही, तर रबर बदलून मिळतं.

फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ होता. हा थर मधे आडवा आला की आतली उष्णता थंड नळ्यांपर्यंत लवकर पोचत नाही. काकू तो सुरीने खरवडतात, ते आधी बंद करायला सांग. नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि हल्ली बऱ्याच घरगुती फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबून वितळू द्यायचं, बस.

नॉब काकांनी ७ वर नेला होता. आकडा मोठा तितका गारवा जास्त. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर आत ठेवायला सांगितलंय. सकाळी ४-५ अंश दिसले की तोच आकडा कायम.

आणि मुलं सुट्टीत आली, की दार उघडलं म्हणून त्यांच्यावर ओरडू नकोस. हवा फार हलकी असते. फ्रीजमधली सगळी हवा नव्याने गार करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिच्या दहापटींहून जास्त एक लिटर कोमट पाण्याची काढावी लागते. पावसाळ्यात दमट हवा शिरून बर्फ वाढतो, तेव्हा दाराचं बघू. खरा भार बाटल्यांचा आणि गरम पातेल्यांचा. म्हणून बाटल्या आता माठातून भरायच्या ठरल्यात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पाणी फुकट गार करतो, त्यापुढचं काम फ्रीजने करावं. आमटी पूर्ण निवल्यावरच आत.

यातून दर महिन्याला किती युनिटं वाचतील, ते आज सांगत नाही. सॉकेटमध्ये लावायचं छोटं मीटर माझ्याकडे आहे, ते पुढच्या आठवड्यात चोवीस तास लावतो. काकांचं बिल ३०० युनिटांच्या जरा वर जातं, आणि महावितरणचा दर तिथेच चढतो, त्यामुळे थोडी बचतही बिलात दिसेल. मीटरचा आकडा फारच मोठा आला, तर नव्याचा विचार करू. तेव्हा नुसते वीजबचतीचे तारे मोजू नकोस, लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात ती बघ. ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच आणि आताचे पाच सारखे नसतात.

शेगडी मात्र हलत नाही. फ्रीज समोरच्या भिंतीशी न्यायला हवा आणि तिथे प्लगपॉइंट नाही. पैसे पाठवायचेच असतील तर त्या पॉइंटपुरते पाठव, इलेक्ट्रिशियन मी बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष