साठीपुढच्या सगळ्यांना एकच तक्ता कसा चालेल?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत साठीपुढच्या वाचकांसाठी छापलेला व्यायामाचा तक्ता वाचला. या वयातही वजनं उचलावीत, हे लेखिकेचं म्हणणं मला मान्य आहे. पण ‘२२०मधून वय वजा करा आणि नाडी त्याच्या ७० ते ८५ टक्क्यांवर न्या’ ही सूचना सरसकट सगळ्यांना द्यायला नको होती. याच हिशेबापायी गेल्या वर्षी माझे यजमान ट्रेडमिलवरून पडता पडता वाचले.

त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, मधुमेहही आहे. व्यायाम करा असं हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगितलं म्हणून जिम लावली. तिथल्या फॉर्मवर उंची, वजन, मोबाइल नंबर, किती महिन्यांचे पैसे भरणार, सगळं होतं. कोणती औषधं चालू आहेत, हा रकाना नव्हता. यांना बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे. तिने हृदयाचे ठोकेच कमी राहतात. वय ६४, म्हणजे हिशेबाने नाडी किमान १०९ हवी. आकडा ९५च्या पुढे सरकेना, म्हणून ट्रेनर मुलगा वेग वाढवत गेला. यांना धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी त्या मुलाची नजर आकड्यावरच. मग घाबरून त्याने पट्टा एकदम थांबवला आणि यांना भोवळ आली. वेग हळूहळू उतरवायचा असतो, नाहीतर रक्त पायांत साचून दाब घसरतो, हेही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या हातात असाच एक छापील तक्ता दिलेला होता.

डॉक्टरांनी नंतर साधी खूण सांगितली: चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही खूण त्या आकड्यापेक्षा भरवशाची. तुमच्या तक्त्यात तिचा उल्लेखही नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर बघावी, ९०च्या खाली असेल तर आधी काही खावं, हेही नाही. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात. बीटा-ब्लॉकर नेमक्या याच खुणा दडपतो. घाम तेवढा येतो, आणि व्यायामशाळेत घामाचं कौतुकच होतं! तक्त्यातला चौथा व्यायाम, डंबेल धरून कमरेतून खाली वाकण्याचा, हाडं ठिसूळ झालेल्या बाईने केला तर मणका दबून मोडू शकतो. साठीपुढच्या किती बायकांची हाडं अशी असतात, हे आरोग्य पुरवणी काढणाऱ्यांना मी सांगायला हवं का?

‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ ही ओळ तळाशी आहे खरी, पण इतक्या बारीक अक्षरात, की मला ती भिंगाशिवाय वाचता आली नाही. पुढच्या पुरवणीत याच जागी, याच आकारात दुरुस्ती छापावी, आणि कोणत्या आजारात काय टाळावं हे एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. बागांमधल्या ओपन जिमबद्दलही कधीतरी लिहा. आमच्या बागेतल्या यंत्रांवर ती बसवणाऱ्यांची नावं ठळक रंगवली आहेत. गुडघा बदललेल्या माणसाने कोणत्या यंत्रावर बसू नये, हे सांगणारी एक पाटी नाही.

– आपली एक नियमित वाचक