तुझ्या पप्पांना सांगेन, ही धमकी चालते कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२४ मध्ये वसईत भर रस्त्यात एका मुलीला तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडने स्पॅनरने मारून टाकलं, लोक बघत होते, व्हिडिओ काढत होते, मग आठवडाभर चर्चा काय तर बघ्यांची. त्याच्या आदल्या वर्षी सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीमागे धावलेल्या पोराला स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांनी धरलं, त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण कोयता निघायच्या आधी काय काय झालेलं असतं ते कोण छापतंय?

मी पुण्यात मुलींचं पीजी चालवते. तिथल्या मुलींना बॉयफ्रेंडचे हुकूम ऐका, लाइव्ह लोकेशन चालू ठेव, पासवर्ड दे, त्याला ब्लॉक कर, रात्री दोनला व्हिडिओ कॉलवर रूम दाखव, मग एक थप्पड, मग दुसऱ्या दिवशी रडून सॉरी. मुली म्हणतात, काकू, पझेसिव्ह आहे तो जरा. जरा! आणि सोडायचं म्हटलं की पप्पांना फोटो पाठवतो. ही धमकी हमखास चालते कारण घरी कळलं की कॉलेज बंद आणि स्थळं बघायला सुरुवात, हे तिला माहितीय आणि त्यालाही. म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार आपणच दिलेलं.

कायद्याचं म्हणाल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लग्नासारखं एकत्र राहणाऱ्यांना लागू होतो, नुसतं वीकेंडला भेटणाऱ्यांना नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. उरतात स्टॉकिंग म्हणजे पाठलाग, धमकी, मारहाण ही कलमं. त्यात पहिल्या वेळचं स्टॉकिंग जामीनपात्र, म्हणजे तो परत गेटवर हजर.

श्रद्धा वालकरने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्यात तुळिंज पोलिसांना सोबत राहणाऱ्या बॉयफ्रेंडबद्दल लेखी दिलं होतं, हा मारतो, तुकडे करीन म्हणतो, आणि हे त्याच्या आईवडिलांना माहीत आहे. पुढच्याच महिन्यात तक्रार मागे घेतली, फाइल बंद. मे २०२२ मध्ये तिचा खून, आरोपी तोच. त्यावर राज्य सरकारने काय केलं, तर दोघांचे धर्म वेगळे म्हणून आंतरधर्मीय लग्नांवर समिती नेमली, जसं काही थप्पड जात-धर्म बघून बसते.

तेव्हा विनंती एवढीच, अशा बातमीखाली ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर छापत जा, आणि पुरवणीत मुलींनी काय काळजी घ्यावी हे आता पुरे, मुलग्यांच्या आईबापांसाठी लिहा. त्यांना बरंच आधी कळलेलं असतं.

आपली,
एक पीजीवाली काकू, पुणे