ते ऐंशी एकर घेऊ नकोस

सीडर रॅपिड्स, आयोवा (अमेरिका), ऑगस्ट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बाजूला सारला. तोंडी आकडे सांगायला लागले की तू मध्येच तोडतेस, म्हणून लिहितेय. उत्तर आधीच सांगून टाकते: तुझ्या सासऱ्यांचे ते रस्त्यालगतचे ऐंशी एकर तुम्ही दोघांनी कर्ज काढून घेऊ नयेत. आता कारणं वाच, मग भांडायचं तर खुशाल भांड.

आधी हिशेब. आयोवातल्या शेतजमिनीचा सरासरी भाव आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२४च्या पाहणीत एकरी ११,४६७ डॉलर होता. आपण साडेअकरा हजार धरू. ऐंशी एकरांचे झाले नऊ लाख वीस हजार. जमीन खंडाने दिलीत तर एकरी पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला बावीस हजार. त्यातून प्रॉपर्टी टॅक्स जायचा. शंभर डॉलर गुंतवले तर अडीचसुद्धा हातात येत नाहीत. बँक सगळी रक्कम देणार नाहीच, पण निम्मी दिली आणि व्याज सात टक्के धरलं, तरी नुसतं व्याजच बत्तीस हजार, मुद्दल वेगळं. आणि उरलेले साडेचार लाख कुठून आणणार आहात, ते तू मला सांगितलेलं नाहीस.

‘मग हा भाव देतं तरी कोण?’ असं तू विचारशील. शेजारचा शेतकरी देतो. त्याची आधीची जमीन कर्जमुक्त असते, कम्बाइन (कापणी-मळणीचं मशीन) दारात उभंच असतं, आणखी ऐंशी एकर त्याच मशीनवर निघतात. त्याचा हिशेब वेगळा, तुमचा वेगळा. तुमच्याकडे मिनियापोलिसचे दोन पगार आहेत आणि एक टाउनहाउस.

आता व्याह्यांचं. तुला वाटतं ते थकले म्हणून विकतायत, कुणीतरी त्यांना थांबवायला हवं. मी अकाउंटंट म्हणून इतकी वर्षं शेतकऱ्यांचे टॅक्स रिटर्न भरलेत मनू, थकून विकणारा माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तो फेब्रुवारीत बुटाच्या खोक्यात पावत्या घेऊन येतो आणि १ मार्चच्या आत रिटर्न भरा म्हणतो. व्याह्यांनी दोन वर्षांपूर्वी, डायनिंग टेबलावर वही उघडून मला विचारलं होतं की कुठली गोष्ट कुठल्या वर्षी विकू. घरच्या कालवडीची गाय झाली की तिची खरेदी किंमत शून्य, कारण चाऱ्या-औषधाचा खर्च त्या त्या वर्षी वजा होऊन गेलेला असतो. विकली की आलेली सगळी रक्कम नफाच. ट्रॅक्टर-बेलरवर घसारा घेऊन घेऊन पुस्तकातली किंमत शून्यावर आलेली, ते विकले की तो घसारा साधं उत्पन्न म्हणून परत अंगावर येतो. आणि जमीन घेतलेली सत्तरच्या दशकातल्या भावाने. तिन्ही एका वर्षात विकलं असतं तर सरकारचीच दिवाळी झाली असती. म्हणून गेल्या वर्षी गायी, या नोव्हेंबरात जमीन आणि पुढच्या मार्चमध्ये औत-अवजारं. हा क्रम त्यांचा आहे, मी फक्त बेरजा केल्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना स्वच्छ सांगितली होती. जमीन आता विकू नका. मालक गेल्यावर वारसांसाठी तिची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरतात, आतापर्यंतच्या वाढीवरचा कर पुसला जातो. ते शांतपणे म्हणाले, “सवलत चांगली आहे, पण तिची अट मला पसंत नाही.” विहीणबाई हसता हसता खोकल्या. मग गंभीर होऊन म्हणाले, की तिघा मुलांना पैसे मी माझ्या हातानं देणार, माझ्यामागं वकिलानं नाही. कर भरून विकत घेतलेली शांतता आहे ती. अकाउंटंट म्हणून मला पटत नाही, आई म्हणून पूर्ण पटतं.

आणि त्यांना ‘बँकेच्या जाचातून’ वगैरे सोडवायची भाषा नको. जावयाला विचार, १९८०च्या दशकात त्यांच्या डेलावेअर काउंटीत (इथल्या आयोवातल्याच) काय चाललं होतं. आयोवाची जमीन १९८१मध्ये एकरी २,१४७ डॉलर होती, १९८६मध्ये ७८७. ज्यांनी चढत्या भावाच्या जोरावर कर्ज काढून शेजारचे ऐंशी एकर घेतले होते, त्यांची जमीन कर्जापेक्षा स्वस्त झाली आणि मग घरही गेलं. व्याह्यांनी तेव्हा काही घेतलं नाही म्हणून ते टिकले. त्या माणसाची जमीन त्याच्याच मुलानं कर्जावर घ्यावी, याहून त्याला झोप उडवणारी गोष्ट दुसरी नसेल.

गायींच्या लिलावाला तू येऊ शकली नाहीस, म्हणून तुला तो दिवस फक्त दुःखाचा वाटतो. मी होते. सकाळची शेवटची धार त्यांनी नेहमीच्या वेळी काढली, मग अंगण पिकअप आणि ट्रेलरांनी भरलं. रिंगमध्ये एकेक होल्स्टीन यायची आणि लिलाववाला तिचा कागद वाचायचा: कितव्या वेताची, व्यायल्याला किती दिवस झाले, दूध किती, गाभण असेल तर कधीची. मग त्याची ती घोळणारी एकसुरी तान सुरू व्हायची, तिच्यातला एक आकडासुद्धा मला शेवटपर्यंत नीट पकडता आला नाही. लंगडत्या आणि आटलेल्या गायी व्याह्यांनी आठवडाभर आधीच बाजारात पाठवल्या होत्या, चारचौघांत त्यांची बोली लागू नये म्हणून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला विहीणबाईंकडून कळलं. चांगल्या गायी हजारो जनावरांच्या डेअऱ्यांत गेल्या. आता दूध तिथेच निघतं. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये परवानाधारक डेअऱ्या सहा हजारांच्या खाली आल्यात, २००४मध्ये पंधरा हजारांहून जास्त होत्या. दुपारी चर्चच्या बायकांनी कॉफी आणि ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकले. लोक उभ्या उभ्या खात मक्याच्या भावावर बोलत होते. व्याह्यांनी स्वतः दोन तुकडे खाल्ले, हे तुझ्या माहितीसाठी.

आता मुख्य कारण, जे फोनवर बोलता आलं नाही. नोव्हेंबरात जमिनीच्या लिलावात तू हात वर केलास तर काय होईल ते सांगते. इथे मालकाच्या मुला-सुनेनं बोली लावली की शेजारी सहसा वर चढत नाहीत, नजर बुटांकडे वळवतात. ही रीत जुनी आहे. १९३०च्या मंदीत जप्तीच्या लिलावांना शेजारी जमून गायीला, नांगराला चार-दोन सेंटच बोलायचे आणि वस्तू मालकाला परत करायचे; परका माणूस वर बोलू लागला तर त्याला धड घरी जाऊ द्यायचे नाहीत. १९३३च्या एप्रिलमध्ये आयोवाच्याच पश्चिमेकडच्या ले मार्स गावी तर जज चार्ल्स ब्रॅडली जप्तीचे हुकूम थांबवायचं वचन देईनात, म्हणून जमावानं त्यांना कोर्टातून ओढून नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. गव्हर्नरला लष्करी अंमल पुकारावा लागला. तेव्हा हात आखडणं हा बंडाचा भाग होता. आज ती भिडेची गोष्ट आहे, आणि भिडेची किंमत कुणीतरी मोजतंच. इथे ती तुझी नणंद आणि मोठे दीर मोजतील, कारण भाव पडला तर त्यांच्या वाट्याचे पैसे कमी होणार. ते तोंडानं काही बोलणार नाहीत, मिडवेस्टची माणसं आहेत. पण पुढच्या थँक्सगिव्हिंगला कळेल. घ्यायचंच असतं, तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला मूल्यांकन करून घेऊन तिघा भावंडांच्या सहीनं व्यवहार करायला हवा होता. आता जाहिरात गेली आहे.

आणि खरं सांगू का? जावई हे मागत नाहीये. तू मागते आहेस. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, “ती म्हणते म्हणून.” तू लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकत आलीस, तासगावची आपली जमीन गेली, आपली जमीन गेली. ती कुठे गेलेली नाही. बाबांनी काकांच्या नावे हक्कसोडपत्र केलं, काका तिथेच राबतात, द्राक्षाचा मांडव उभा आहे. गावात जे राहिले ते सातबाऱ्यावरच्या नावांच्या रांगेत उभे राहून बांधावरून भांडतायत. इथे उलटं आहे: एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीदारानं मैल-मैलाचे चौकोन आखले, ६४० एकरांचा एक, त्याचा पाव भाग १६०, त्याचा अर्धा तुझे हे ऐंशी, आणि जमीन त्या आखणीतच अख्खी या हातातून त्या हातात जाते. दोन्ही पद्धतींत माणसांना त्रास आहेच. पण बाबांची रुखरुख तू व्याह्यांच्या गावच्या, मँचेस्टरच्या, लिलावात फेडायला निघालीस, तर त्याचे हप्ते जावयाला पडतील. त्याचा त्यात काय संबंध?

घर आणि भोवतीचे चार-पाच एकर व्याही ठेवणार आहेत, हे तू विसरते आहेस. पोरांना सुट्टीत जायला अंगण आहे. पुढे-मागे त्याचा प्रश्न आला की मग माझ्याकडे ये, तेव्हा मी वेगळं उत्तर देईन.

अवजारांतलं काही हवं असेल, तर जावयानं नाताळच्या आत वडिलांना सांगावं. सेल बिल (लिलावातल्या वस्तूंची यादी) एकदा छापलं की वस्तू मागे घेणं लिलाववाल्याला चालत नाही, लांबून आलेली गिऱ्हाइकं चिडतात. त्याच्या मनात तो जुना जॉन डीअर ४०२० ट्रॅक्टर आहे असा माझा अंदाज. तो कुठे ठेवणार ते आधी ठरवा, तुमची असोसिएशन पार्किंगमध्ये ट्रॅक्टर उभा करू देणार नाही.

नोव्हेंबरात मात्र नक्की या. लिलाव हॉलमध्ये आहे, शेतावर नाही; तासाभरात संपेल, घेणारा दहा टक्क्यांचा चेक तिथेच फाडेल. तू नवऱ्याशेजारी बस आणि हात मांडीवर ठेव. विहीणबाई हॉलवर जाणार नाहीत, त्या माझ्याकडे येणार आहेत, कांदेपोहे हवेत म्हणाल्यात. आणि तुमच्या टॅक्स रिटर्नच्या एक्सटेन्शनचे (मुदतवाढीचे) कागद अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत. १५ ऑक्टोबर माझ्या मुलीसाठीसुद्धा थांबत नाही.

तुझी,
आई